सोसायटीचा सीसीटीव्ही इंटरनेटवरून उतरवताना: प्रकल्प नोंदी

ठिकाण: डोंबिवली पूर्व. चार मजली इमारत, दोन विंग, २८ घरं. कॅमेरे २०१९ मध्ये बसवलेले. जूनच्या कमिटी बैठकीत ठरलं की हे कॅमेरे बाहेरच्या कुणाला दिसू नयेत, आणि हे काम गणपतीच्या आत उरकावं. खर्चाची मर्यादा १५,००० रुपये. नेटवर्कचं काम मला नोकरीत थोडंफार येतं, म्हणून माळ माझ्या गळ्यात पडली. दुसऱ्या सोसायटीत कुणाला हेच करायचं असेल तर उपयोग होईल, म्हणून या नोंदी.

१२ जुलै, शनिवार. आहे काय ते बघणे

मीटर रूमच्या शेजारच्या लोखंडी कपाटात १६ चॅनेलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा). त्याला कोॲक्स, म्हणजे टीव्हीला असते तशा, केबलने जोडलेले ११ कॅमेरे: गेट, पार्किंग, दोन्ही जिने, टेरेसचं दार, पाण्याची टाकी. लिफ्टच्या लॉबीत एक वायफाय कॅमेरा, तो नंतर कुणीतरी ऑनलाइन मागवून चिकटवलेला. त्याची नोंद हिशोबात आहे, बिल नाही.

यादी आधी करायची ती एवढ्यासाठी की धोका सगळीकडे सारखा नसतो. कोॲक्सवरच्या ११ कॅमेऱ्यांना स्वतःचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) नाही, ते इंटरनेटला ओळखतच नाहीत. त्यांचं चित्र बाहेर जाणार ते फक्त डीव्हीआरमधून. म्हणजे ११ शिड्या लावायची गरज नाही, सांभाळायच्या आहेत दोनच वस्तू. तुमच्याकडे सगळे आयपी कॅमेरे असतील तर मात्र प्रत्येक कॅमेरा हा स्वतंत्र छोटा संगणक धरा.

डीव्हीआरचा पासवर्ड कमिटीत कुणालाच माहीत नव्हता. शोधाशोध करायची वेळ आली नाही, डीव्हीआरच्या माथ्यावरच मार्करने लिहिलेला होता: १२३४५६. त्याच्याच बाजूला क्यूआर कोडचा स्टिकर. तोच स्टिकर मूळ खोक्यावर, आणि ते खोकं वॉचमनच्या खुर्चीपुढे पाय ठेवायला. कपाटाला कुलूप नाही. १८० रुपयांचं आजच आणलं.

१३ जुलै, रविवार. बाहेरून काय दिसतं

ही तपासणी सोसायटीच्या वायफायवर बसून करू नका, निकाल चुकीचा येतो. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला आणि सोसायटीच्या आयपी पत्त्यावर एनमॅप चालवलं. कुठले पोर्ट, म्हणजे नेटवर्कची दारं, बाहेरून उघडे आहेत ते हा प्रोग्राम सांगतो. (फक्त स्वतःच्या पत्त्यावर. शेजारच्या सोसायटीवर कुतूहलापोटीसुद्धा नाही.)

आधी एक गोष्ट बघून घ्यायची: राउटरच्या पानावर दिसणारा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरचा पत्ता एकच आहे का. वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर केबलवाल्याने अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता दिलेला आहे आणि बाहेरून थेट पोर्ट उघडा मिळणार नाही. आमच्याकडे तसं नव्हतं. मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून २०१९ मध्ये मुद्दाम स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घेतलेला, वर्षाला २,४०० रुपये. स्वतःच्या गैरसोयीसाठी सहा वर्षं पैसे भरले म्हणायचं.

तीन पोर्ट उघडे निघाले: ८० (वेब पान), ५५४ (थेट व्हिडिओ) आणि डीव्हीआरच्या ॲपचा स्वतःचा एक. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ५५४ चा पत्ता टाकला, नाव ॲडमिन, पासवर्ड मार्करने लिहिलेलाच. पार्किंग, पाण्याची टाकी, ए विंगचा जिना, सगळं माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, सोसायटीच्या नेटला हातही न लावता.

राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून आलेलं डीव्हीआरकडे धाडणारे) तिन्ही नियम पुसले, पासवर्ड बदलला. पुन्हा तपासलं, तिन्ही बंद.

१४ जुलै, सोमवार

रात्री सहज परत तपासलं तर दोन पोर्ट पुन्हा उघडे. डीव्हीआरनेच राउटरला सांगून उघडून घेतले. राउटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय असते. घरातलं कुठलंही उपकरण तिच्यातून विनापासवर्ड पोर्ट मागू शकतं आणि राउटर देतो. डीव्हीआरमध्ये बंद केली, राउटरमध्येही बंद केली. दोन्हीकडे करा, कारण डीव्हीआर फॅक्टरी रीसेट झाला की त्याच्या बाजूची परत सुरू होते.

१९ जुलै, शनिवार. कोण येऊन गेलं?

डीव्हीआरच्या लॉगमध्ये लॉगिनच्या नोंदी असतात. उत्साहाने उघडल्या. सगळ्या नोंदी २००० सालच्या. आतला नाण्याएवढा सेल मेलेला असल्यामुळे दर वेळी वीज जाऊन डीव्हीआर बंद पडला की घड्याळ १ जानेवारी २००० वर जाई, आणि डोंबिवलीत वीज जाणं काही नवलाचं नाही. अनोळखी पत्त्यांवरून लॉगिन झालेलं दिसतं, पण कधी, ते सांगता येत नाही. तो शोध इथेच संपला.

सीआर२०३२ सेल, ४० रुपये. डीव्हीआरचं झाकण उघडायला चार स्क्रू, त्यातल्या एकावर वॉरंटीचा स्टिकर. वॉरंटी केव्हाच संपली होती.

घड्याळाकडे दुर्लक्ष करू नका. चोरी झाली आणि पोलिसांनी फुटेज मागितलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून द्यावं लागतं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्या कागदावर सेक्रेटरीने सही करायची आणि व्हिडिओच्या कोपऱ्यात साल २०००.

२० जुलै, रविवार. कमिटी

अपेक्षित प्रश्न आलाच. अध्यक्ष: “आपल्या पार्किंगमध्ये कुणाला काय बघायचंय? चार स्कूटर आणि एक कुत्रं.”

त्यांना मिराईची गोष्ट सांगितली. २०१६ मध्ये या नावाचा प्रोग्राम इंटरनेटवर फिरत होता. त्याच्याकडे कारखान्यात घातलेल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती, आणि ती लावून तो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेई. कुणाचं पार्किंग बघण्यात त्याला काडीचा रस नव्हता. ताब्यातली सगळी उपकरणं एकाच वेळी एखाद्या पत्त्यावर तुटून पडत. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशा हल्ल्याने अमेरिकेतल्या डिन या कंपनीची डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी) सेवा कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससकट कितीतरी साइट तासन् तास उघडेनात. पुढे पकडले गेलेले मिराईचे कर्ते विशीतले अमेरिकन तरुण होते. तेव्हा बघण्यासारखं काही नसलं तरी डीव्हीआर दुसऱ्याच्या कामाला लागतो.

अध्यक्षांचं समाधान झालं नाही. काम झालं ते राजकोटच्या बातमीने. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या एका प्रसूती रुग्णालयातलं, बायकांच्या तपासणीचं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूब-टेलिग्रामवर विकायला ठेवलेलं सापडलं. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. हे नाव निघाल्यावर बैठकीतल्या काकू म्हणाल्या, “दुसऱ्या मजल्यावरचा कॅमेरा माझ्या बेडरूमच्या खिडकीत बघतो, हे मी किती वर्षं सांगतेय?” इतिवृत्तं चाळली. २०२० आणि २०२२, दोन्हीत तक्रार नोंदवलेली, पुढे ‘बघू’. तोही विषय कामात घेतला.

२७ जुलै, रविवार. सीसीटीव्हीवाला

पोर्ट बंद, यूपीएनपी बंद, पासवर्ड नवा. तरीही सेक्रेटरी काकांच्या फोनवर कॅमेरे दिसत होतेच. हा या कामातला सगळ्यात फसवा भाग, म्हणून जरा सविस्तर.

क्यूआर कोड स्कॅन करून चालणारी ॲप उघड्या पोर्टवर अवलंबून नसतात. डीव्हीआर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला जोडून बसतो आणि फोन त्याच सर्व्हरमार्फत त्याला गाठतो. बाहेरून आत येणारं दार बंद केलं तरी आतून बाहेर गेलेली ही तार तशीच राहते. म्हणून ‘आमच्याकडे स्टॅटिक आयपी नाही, आम्ही सुरक्षित’ हे अर्धंच खरं.

२०१८ मध्ये ऑस्ट्रियाच्या सेक कन्सल्टने शिओंगमाई या चिनी उत्पादकाच्या उपकरणांबद्दल अहवाल काढला होता. त्यांचे क्लाउड क्रमांक नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून बनत, म्हणजे अंदाजाने ओळखता येत. शिवाय ‘डिफॉल्ट’ नावाचा एक छुपा वापरकर्ता होता आणि त्याचा पासवर्ड तेच नाव उलट्या अक्षरांत. मालकाने ॲडमिनचा पासवर्ड कितीही कठीण ठेवला तरी हा दुसरा माणूस आत होताच. आमचा डीव्हीआर त्यांचा नाही, पण ते वाचून आधी वापरकर्त्यांची यादी उघडली. ॲडमिनखेरीज आणखी दोन खाती निघाली, दोन्हींना सगळं बघायची परवानगी. एक पुसता आलं. दुसरं कारखान्यातलं, पुसू देत नाही. त्याच्या सगळ्या परवानग्या काढल्या आणि पासवर्ड बदलला.

मग ज्याने कॅमेरे बसवले त्याला बोलावलं. माणूस सज्जन आहे, पावसात लगेच आला. त्याने स्वतःचं ॲप उघडून दाखवलं आणि मी गप्पच झाले. त्यातल्या यादीत आमच्या सोसायटीच्या नावाखाली एक डेंटल क्लिनिक, एक क्लास, एक सराफाचं दुकान, दोन बंगले, आणि यादी खाली सरकतच होती. म्हणाला, “मॅडम, फोन आला की बघावं लागतं ना. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतो, लक्षात राहतो.” क्लाउडवर डीव्हीआरचं मूळ खातं त्याच्या ईमेलवर होतं आणि आम्ही सगळे त्याने ‘शेअर’ केलेले पाहुणे. फ्लॅट आपला आणि शेअर सर्टिफिकेट बिल्डरच्या नावावर, तसं.

त्याच्यासमोरच त्याच्या ॲपमधून डीव्हीआर काढायला लावला. त्याशिवाय दुसऱ्या कुणाला मूळ खातं घेता येत नाही. तुमचा सीसीटीव्हीवाला धंदा सोडून गेला असेल तर खरेदीचं बिल आणि डीव्हीआरचा क्रमांक देऊन कंपनीमार्फत हे करावं लागतं, म्हणून तो फोन उचलतोय तोवर करून घ्या. आमच्याशी त्याचं वाकडं काही नाही, देखभालीचं कंत्राट अजून त्याच्याकडेच आहे. पण हॅकर-हॅकर करताना सहा वर्षं आमचे जिने बघू शकणारा माणूस ओळखीचा होता, आणि त्याचा फोन चोरीला गेला असता तर चोरालाही ते दिसले असते. काकांच्या फोनवरून शेअर झालेल्यांत एक माजी खजिनदार होते. ते २०२१ मध्ये घर विकून बदलापूरला गेले.

डीव्हीआरच्या मेनूतून पी२पी (कंपनीच्या सर्व्हरमार्फतची ती जोडणी) बंद. काकांच्या फोनवर ‘ऑफलाइन’. काका नाराज.

२ ऑगस्ट, शनिवार. फर्मवेअर

नवं फर्मवेअर (डीव्हीआरच्या आतला मूळ प्रोग्राम) मिळालं नाही. डीव्हीआरवरचं नाव विक्रेत्याचं, आत बनवणारा वेगळा, विक्रेत्याच्या साइटवर शेवटची फाइल २०२० ची. मिळत्याजुळत्या मॉडेलचं फर्मवेअर घालून बघण्याचा मोह आवरला, तसं करून डीव्हीआरचा दगड होतो.

मग नवीन डीव्हीआर घ्यायचा का? माझं मत नाही असं पडलं, कारण नव्यालाही उघड्यावर ठेवता येत नाही. हिकव्हिजनसारख्या मोठ्या कंपनीचंच बघा. २०१७ मध्ये तिच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असं निघालं की पत्त्याला एक ठरावीक शेपूट जोडलं की पासवर्डशिवाय चित्र आणि वापरकर्त्यांची यादी मिळते. २०२१ मध्ये आणखी एक निघालं, त्यात तर पासवर्डशिवाय कॅमेऱ्याला हवा तो हुकूम देता येई. दोन्हींवर दुरुस्ती निघाली, पण ती प्रत्येक जिन्यात जाऊन घालणार कोण? पासवर्ड बळकट असून अशा वेळी काही उपयोग नाही. जुना डीव्हीआर ठेवायचा, पण त्याचं इंटरनेटच तोडायचं, असं ठरवलं.

१० ऑगस्ट, रविवार. व्हीपीएन

काकांना फोनवर कॅमेरे हवेतच, आणि ते रास्त आहे, रात्री पंप त्यांनाच बघावा लागतो. म्हणून व्हीपीएन, म्हणजे बाहेरच्या फोनपासून सोसायटीच्या नेटपर्यंतची खाजगी वाट. त्यासाठी वायरगार्ड या व्हीपीएनची सोय असलेला राउटर, ४,२०० रुपये. बाहेरून एकच यूडीपी पोर्ट, आणि किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे तपासणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. स्टॅटिक आयपीचा अखेर काहीतरी उपयोग झाला.

अडचणी आल्या त्या क्रमाने:

काकांच्या घरून व्हीपीएन जोडलं आणि डीव्हीआरचा पत्ता टाकला तर त्यांच्या स्वतःच्या घरातल्या राउटरचं पान उघडलं. दोन्हीकडे पत्त्यांची १९२.१६८.१ हीच मालिका. सोसायटीची मालिका बदलून १९२.१६८.४७ केली. डीव्हीआरला पत्ता हाताने दिलेला होता, त्यामुळे तो जुन्याच मालिकेत अडकला. टीव्ही आणि माउस घेऊन मीटर रूममध्ये जाऊन बदलावा लागला. आधी डीव्हीआरचा पत्ता बदला, मग राउटरचा.

डीव्हीआरला इंटरनेट मिळू नये म्हणून त्याच्या सेटिंगमधला गेटवे (आपल्या मालिकेबाहेर जायच्या वाटेचा पत्ता) चुकीचा भरला. सोपी युक्ती, बऱ्याच ठिकाणी सुचवतात. इंटरनेट तुटलं खरं, पण व्हीपीएनवरूनही दिसेना, कारण व्हीपीएनवाल्या फोनचा पत्ता वेगळ्या मालिकेत असतो आणि गेटवेशिवाय डीव्हीआरला त्याला उत्तर धाडायची वाट माहीत नसते. अख्खी दुपार यात गेली. गेटवे पुन्हा बरोबर भरला आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये नियम घातला: डीव्हीआरकडून इंटरनेटकडे जाणारं सगळं अडवा. व्हीपीएन चालू, बाहेरची वाट बंद. नियमापुढच्या आकड्यावरून दिसतं की पी२पी बंद असूनही डीव्हीआर अधूनमधून बाहेर जायचा प्रयत्न करतो. मेनूतल्या ‘बंद’वर विसंबू नका ते यासाठी.

काकांच्या फोनमध्ये व्हीपीएनच्या पत्त्यांच्या रकान्यात सगळं इंटरनेट भरलं गेलं होतं, त्यामुळे त्यांचं यूट्यूबही सोसायटीच्या नेटवरून जाऊ लागलं. तिथे फक्त सोसायटीची मालिका लिहिली.

घड्याळासाठी डीव्हीआरला वेळ आता राउटरच देतो, आणि राउटर ती राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरून घेतो.

व्हीपीएन दोनच फोनवर, सेक्रेटरी आणि खजिनदार. अध्यक्षांनी स्वतःहून नको म्हटलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस वेड्यासारखा. वीज सकाळपासून येतेय-जातेय. डीव्हीआर यूपीएसवर होता, नवा राउटर नव्हता, त्यामुळे नेमकं पार्किंगमध्ये पाणी भरत असताना काकांना दिसेना. राउटरसाठी छोटा यूपीएस, १,४५० रुपये. घड्याळ मात्र जागेवर राहिलं, ४० रुपयांचा सेल वसूल.

२४ ऑगस्ट, रविवार. कॅमेरे कुठे बघतात

काकूंच्या खिडकीवर डीव्हीआरमधून काळी पट्टी टाकली. त्यांना टीव्हीवर दाखवली, त्या खूश. संध्याकाळी रेकॉर्डिंग काढून बघितलं तर खिडकी स्वच्छ दिसतेय. पट्टीला दोन वेगळ्या खुणा असतात, एक थेट चित्रासाठी, एक रेकॉर्डिंगसाठी, आणि पहिलीच केलेली होती. दुसरी केली. पण पट्टी काय, ॲडमिनला कधीही काढता येते. म्हणून शेवटी शिडी लावून कॅमेराच फिरवला. जिना पुरेसा दिसतो. २०२० मध्ये हे दहा मिनिटांत झालं असतं.

लॉबीतला वायफाय कॅमेरा कंपनीच्या क्लाउडशिवाय चालतच नाही, वर त्याला माइक. लिफ्टची वाट बघताना लोक घरातल्या गोष्टी बोलतात, ते सहा महिन्यांचं बोलणं कुठल्या सर्व्हरवर आहे हे सांगणारं कुणी नाही. काढून टाकला. खात्यातून काढला, रीसेट केला, आतलं मेमरी कार्ड कात्रीने तोडलं. त्याच्या जागी डीव्हीआरच्या रिकाम्या चॅनेलवर साधा कोॲक्सचा कॅमेरा, केबल-मजुरीसकट २,३५० रुपये. नवे आयपी कॅमेरे घेणार असाल तर लक्षात ठेवा, ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारच्या सुरक्षा निकषांची चाचणी बंधनकारक आहे. दुकानदाराकडे त्याच मॉडेल क्रमांकाचं प्रमाणपत्र मागा.

बी विंगमधल्या एका घराने दारावर लावलेला खाजगी कॅमेरा समोरच्यांचं दार टिपतो. तो विषय आज काढला आणि आवाज चढले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता उच्च न्यायालयाचा एक निकाल कायम ठेवला होता, एकाच घरात राहणाऱ्या दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे नकोत असा. आपलं प्रकरण तंतोतंत तसं नाही, तेही सांगितलं. त्यांनी कॅमेरा थोडा खाली वळवला आहे. पुरेसा नाही.

७ सप्टेंबर, रविवार. विसर्जनानंतर

गणपतीत मंडपाच्या कॅमेऱ्यावरून काही अडलं नाही. अडलं भलतीकडे. पाचव्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका घरातली मुलगी रात्री उशिरा मित्राबरोबर गेटमधून येतानाचा व्हिडिओ पडला. व्हीपीएन, फायरवॉल, सगळं जागच्या जागी होतं. कुणीतरी वॉचमनच्या केबिनमधल्या मॉनिटरचं मोबाइलवर चित्रण केलं होतं. केबिनमधून फक्त गेट आणि पंप दिसेल असं वेगळं खातं करून दिलं, मागचं रेकॉर्डिंग उघडायची परवानगी काढली, मॉनिटर रस्त्याकडून आत वळवला. व्हिडिओ टाकणाऱ्याला कमिटीने लेखी समज दिली. मुलीच्या आईने माझ्याशी अजून बोलणं धरलेलं नाही. हे काम माझ्याकडे होतं, त्यामुळे त्यांचा राग समजतो.

फुटेज देण्याची वही सुरू केली: कुणी मागितलं, कुठल्या वेळेचं, कशासाठी, दोन कमिटी सदस्यांच्या सह्या. ३० दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जातं, तशी हार्ड डिस्कची मर्यादा लावली.

खर्च: राउटर ४,२००, कॅमेरा २,३५०, यूपीएस १,४५०, कुलूप १८०, सेल ४०. एकूण ८,२२० रुपये. स्टॅटिक आयपीचे वर्षाचे २,४०० चालूच.

राहिलेलं: बी विंगचा दारावरचा कॅमेरा. ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचा ठराव, पुढच्या सभेत. सीसीटीव्हीवाल्याने त्या डेंटल क्लिनिकसाठी येतेस का विचारलंय. आधी त्याला त्याच्या यादीतले पासवर्ड वेगवेगळे करायला सांगितलं, झाले की कळवतो म्हणाला.